चंद्राची पाठ दाखवणारा प्राध्यापक

७ ऑक्टोबर १९५९. पृथ्वीपासून चंद्राच्याही पलीकडे पोहोचलेले, जेमतेम २७८ किलो वजनाचे एक सोव्हिएत यंत्र गिरक्या घेत चालले होते. ठरलेल्या क्षणी त्याने त्या गिरक्या थांबवल्या, आपली पाठ सूर्याकडे केली, तोंड चंद्राकडे वळवले आणि कॅमेऱ्याचा डोळा उघडला. पुढच्या सुमारे ४० मिनिटांत २९ छायाचित्रे घेतली गेली. चंद्राची जी बाजू पृथ्वीवरून कधीच दिसत नाही, ती त्या छायाचित्रांत होती. महिनाअखेरीस ती जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली. धूसर, रेघारेघांची, पण निःसंशय चंद्राचीच. त्यांखाली यानाचे नाव होते, देशाचे नाव होते. यानाला वळायला शिकवणाऱ्या माणसाचे नाव मात्र कुठेच नव्हते. सोव्हिएत अवकाश कार्यक्रमातील शास्त्रज्ञांची नावे हे तेव्हा राज्याचे गुपित होते.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक बोरिस व्हिक्टरोविच राउशेनबाख. अवकाशयानांच्या नियंत्रणशास्त्राचा पाया घालणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांची गणना होते. रशियात हे नाव दोन अगदी निराळ्या वर्तुळांत आदराने घेतले जाते. एक वर्तुळ अभियंत्यांचे, दुसरे कलेच्या अभ्यासकांचे. या दोन्ही कीर्तींच्या आधी मात्र त्यांच्या आयुष्यात एक छावणी येऊन गेली होती.

राउशेनबाख यांचा जन्म १८ जानेवारी १९१५ चा, पेत्रोग्राद म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गमधला. आडनाव जर्मन, कारण घराणे जर्मन. अठराव्या शतकात महाराणी कॅथरीनच्या आमंत्रणावरून जी जर्मन कुटुंबे व्होल्गेच्या काठी येऊन वसली, त्यांपैकी एकाचे हे वंशज. वडील एका मोठ्या पादत्राणांच्या कारखान्यात तंत्रज्ञ होते. मुलाला ओढ विमानांची. विमानाच्या कारखान्यात कामगार म्हणून उमेदवारी केल्यावर १९३२ मध्ये तो लेनिनग्राडच्या नागरी विमान अभियांत्रिकी संस्थेत दाखल झाला. तिथे ग्लायडर बांधणे आणि उडवणे सुरू झाले. विद्यार्थी असतानाच शेपूट नसलेल्या विमानांच्या स्थैर्याविषयी त्याने लेख लिहिले. स्थैर्य, म्हणजे हवेचा धक्का बसला तरी यंत्राने आपली दिशा सोडू नये, हा त्याच्या आयुष्याचा विषय इथेच ठरून गेला, असे आज मागे वळून पाहताना वाटते.

१९३७ मध्ये राउशेनबाख मॉस्कोच्या अग्निबाण संशोधन संस्थेत रुजू झाले. तिथे त्यांचे वरिष्ठ होते सर्गेई कोरोल्योव, पुढे स्पुत्निक आणि गागारिन या दोघांना आकाशात धाडणारे. नव्या अभियंत्याकडे पंख असलेल्या अग्निबाणाच्या स्वयंचलित स्थिरीकरणाचे काम आले. पण ते स्टालिनच्या शुद्धीकरणाचे वर्ष होते. संस्थेचे प्रमुख पकडले गेले, जून १९३८ मध्ये कोरोल्योव यांनाही अटक झाली. त्यांची रवानगी कोलिमाच्या खाणींत झाली. संस्थेतील अग्निबाण-नियंत्रणाचे काम गुंडाळले गेले आणि राउशेनबाख यांना ज्वलनाच्या सिद्धांताकडे वळावे लागले.

त्यानंतर युद्ध आले. १९४१ च्या शरदात संस्था उरलमधील स्वेर्दलोव्स्कला हलवली गेली. त्याच वर्षी राउशेनबाख यांचा विवाह व्हेरा मिखाइलोव्हना यांच्याशी झाला होता. १९४२ च्या मार्चमध्ये त्यांना सैन्यभरतीच्या कचेरीतून बोलावणे आले. सोव्हिएत नागरिक असले तरी ते जर्मन वंशाचे होते, आणि देश जर्मनीशी लढत होता. सैन्यात घेण्याऐवजी त्यांना निझ्नी तागिलच्या श्रमछावणीत पाठवण्यात आले. खटला नाही, आरोप नाही, शिक्षेची मुदत नाही. केवळ आडनावावरून. छावणीला काटेरी कुंपण होते, पहारा होता आणि काम होते वीटभट्टीवरचे. भूक आणि थंडी यांनी पहिल्याच वर्षात कित्येक माणसे नेली.

राउशेनबाख त्या वेळी एका गणितात गुंतले होते. विमानाचा वेध घेणाऱ्या आणि हवेत असताना स्वतःच आपला मार्ग दुरुस्त करणाऱ्या तोफगोळ्याचे ते गणित होते. छावणीकडे निघण्यापूर्वी ते जवळजवळ पुरे होत आले होते. मग बाकी काम त्यांनी छावणीच्या वाटेवर आणि फळ्यांच्या बराकीत, मिळेल त्या कागदाच्या तुकड्यांवर संपवले आणि संस्थेकडे धाडून दिले. कुणी मागितले म्हणून त्यांनी ते केले नव्हते. अर्धवट राहिलेले काम त्यांना सोडवत नसे, एवढेच.

हे गणित विमानरचनाकार व्हिक्टर बोल्खोव्हितिनोव्ह यांच्या हाती पडले. त्यांना असा माणूस हवाच होता. छावणीतून त्याला सोडवणे त्यांच्या हातात नव्हते, पण गृहखात्याशी बोलणी करून त्यांनी एक तोड काढली. हा बंदी छावणीतच राहील, मात्र विटा वाहण्याऐवजी आकडेमोड करून देईल. अशा रीतीने राउशेनबाख यांचा जीव वाचला. सिद्धांतविषयक कामाच्या बदल्यात शिधा मिळणारे ते एक विलक्षण कामगार झाले. त्या बराकीत जर्मन वंशाचे आणखीही अनेक शिक्षित लोक होते. प्राध्यापक, अभियंते, संशोधक. रात्री एकमेकांना आपापल्या विषयांवर व्याख्याने देण्याचा परिपाठ त्यांनी सुरू केला होता. तिशीही न गाठलेल्या राउशेनबाख यांचे इतर विषयांतले शिक्षण बरेचसे तिथे झाले.

युद्ध संपल्यावर कुंपण गेले, पण पहारा सुटला नाही. निझ्नी तागिल सोडायचे नाही आणि ठरावीक काळाने कचेरीत हजेरी द्यायची, या अटींवर ते तिथेच राहिले. १९४८ मध्ये गणितज्ञ म्स्तिस्लाव केल्दिश यांनी खटपट करून त्यांना मॉस्कोला आपल्या संस्थेत आणले. छावणीचा विषय राउशेनबाख यांनी उतारवयातल्या आठवणींत मोकळेपणाने काढला, पण तोही तक्रारीच्या सुरात नाही. युद्धकाळात सगळ्याच देशावर संकट होते, आघाडीवर गेलेल्यांचेही हाल होते, असा त्यांचा हिशोब होता. ही त्यांची समजूत उदार होती की स्वतःला सावरण्यासाठी त्यांनी शोधलेली वाट होती, हे ठरवणे कठीण आहे. ज्या राज्याने एका माणसाच्या आयुष्याची सहा वर्षे केवळ त्याच्या रक्तावरून काढून घेतली, त्या राज्याला तो हिशोब माफ करतो, असे मात्र म्हणवत नाही.

मॉस्कोत केल्दिश यांच्या हाताखाली इंजिनातील ज्वलनाच्या कंपनांवर त्यांनी दहा वर्षे काम केले. त्या विषयावरील त्यांचा ग्रंथ १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अभ्यासकांना आधारभूत ठरला. पण तोवर स्वतः राउशेनबाख त्या विषयातून बाहेर पडले होते. एखाद्या क्षेत्रात गर्दी झाली की तिथून उठायचे आणि जिथे अजून कुणी पोहोचलेले नाही तिथे जायचे, ही त्यांची जन्माची खोड. १९५०च्या दशकाच्या मध्यावर, वयाच्या चाळिशीत, त्यांनी निवडलेला नवा विषय तर अस्तित्वातच नव्हता. अवकाशातल्या यानाने आपले तोंड कोणीकडे करायचे आणि ते कसे टिकवायचे, हा तो विषय. पहिला स्पुत्निकही तेव्हा उडायचा होता.

वरकरणी हा प्रश्न किरकोळ वाटतो. पण अवकाशात टेकायला हवा नाही, पाणी नाही, जमीन नाही. होडीचा सुकाणू पाण्याला रेटतो म्हणून होडी वळते. निर्वातात रेटायला काहीच नसते. यान अग्निबाणापासून सुटले की सुटताना बसलेल्या धक्क्याने गिरक्या घेऊ लागते आणि त्या गिरक्या आपोआप कधीच थांबत नाहीत. वळायचे तर स्वतःजवळचेच काही फेकणे हा एक मार्ग. राउशेनबाख यांच्या छोट्या गटाने दाबाखाली भरलेल्या वायूचे बारीक फवारे वापरले. फवारा केव्हा, किती वेळ आणि कोणत्या बाजूने सोडायचा, हे ठरवण्यासाठी यानाला आपण कुठे पाहतो आहोत हे कळायला हवे. त्यासाठी प्रकाशाला जागे होणारे विद्युत् डोळे बसवले. गिरकीचा वेग सांगायला जायरोस्कोप होते. डोळा काय दिसते ते सांगतो, यंत्र ते हव्या स्थितीशी ताडून पाहते, फरकाइतका फवारा सोडते आणि पुन्हा पाहते. ताडून पाहण्याचे हे चक्र, ज्याला अभियंते फीडबॅक म्हणतात, नियंत्रणशास्त्राचा जीव आहे. छावणीतल्या तोफगोळ्याच्या गणितातही तेच होते.

लूना-३ हे यान ४ ऑक्टोबर १९५९ रोजी निघाले. छायाचित्रणाची वेळ अशी निवडली होती की त्या क्षणी यान सूर्य आणि चंद्र यांच्या मध्ये असावे आणि चंद्राच्या सुमारे ६५ हजार किलोमीटर अलीकडून त्याची उजळलेली अदृश्य बाजू समोर यावी. सूर्य हा सर्वांत ठळक दिवा. आधी तो पकडायचा. यानाच्या बुडाकडचे डोळे सूर्यावर स्थिरावले की त्याचे डोके आपोआप चंद्राच्या दिशेला येई. मग सूर्याचे डोळे मिटायचे आणि चंद्राच्या डोळ्याने ताबा घ्यायचा. पृथ्वी उजळ असल्याने तिलाच चंद्र समजून यान फसण्याची भीती होती, म्हणून ती नजरेच्या टापूबाहेर राहील अशी मार्गाची आखणी केली होती. चंद्र नीट चौकटीत आल्याची खात्री होताच कॅमेरा सुरू झाला. यानातच फिल्म धुतली गेली, वाळली आणि रेडिओच्या लहरींवरून रेघ रेघ करत पृथ्वीवर आली. १७ प्रतिमा उपयोगी ठरल्या. त्यांत चंद्राच्या अदृश्य बाजूचा सुमारे ७० टक्के भाग होता.

हे सारे यंत्राने परक्या आकाशात, माणसाचा हात न लागता केले, हे विशेष. आज ज्याला आपण अवकाशातील रोबोटिक्स म्हणतो, त्याची ही सुरुवातीची पावले. १९६० मध्ये राउशेनबाख यांना लेनिन पारितोषिक मिळाले. अर्थात त्याचा गाजावाजा झाला नाही. त्याच वर्षी त्यांचा गट कोरोल्योव यांच्या कार्यालयात दाखल झाला. वीस-बावीस वर्षांनी जुने वरिष्ठ आणि जुने सहायक पुन्हा एका छताखाली आले. दोघेही मधल्या काळात छावणी पाहून आले होते.

यश सरळ रेषेत मिळाले असे नाही. मे १९६० मध्ये, माणसाला नेणाऱ्या यानाची रिकामी चाचणी घेताना, यानाला पृथ्वीची दिशा दाखवणारा अवरक्त किरणांचा संवेदक बिघडला. परतीसाठी इंजिन पेटवण्याची आज्ञा गेली तेव्हा यानाचे तोंड भलतीकडे होते. खाली यायच्या ऐवजी ते आणखी उंच कक्षेत गेले. त्याचाच एक तुकडा १९६२ मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅनिटोवॉक गावात भर रस्त्यावर येऊन पडला. त्या वेळी यानात माणूस असता तर काय झाले असते, हे वेगळे सांगायला नको. मग व्होस्तोकसाठी सूर्याचा आधार घेणारी साधी पद्धत मुख्य धरली गेली, आणि यंत्र चुकलेच तर अंतराळवीराला हाताने यान वळवता यावे म्हणून पायाशी खिडकीवजा दृष्टियंत्र बसवले गेले.

१२ एप्रिल १९६१ ला गागारिन गेले आणि सुखरूप परतले ते स्वयंचलित यंत्रणेवर. माणूस अवकाशात शुद्धीवर राहील की त्याचे डोके फिरेल, याची खात्री तेव्हा कुणालाच नव्हती. म्हणून हाताने चालवण्याच्या कळा एका सांकेतिक आकड्यामागे कुलूपबंद होत्या आणि तो आकडा लिफाफ्यात होता. उड्डाणापूर्वीच आकडा १२५ असल्याचे गागारिन यांच्या कानात सांगून टाकले गेले, ही गोष्ट पुढे प्रसिद्ध झाली. हाताच्या नियंत्रणाची खरी कसोटी लागली ती मार्च १९६५ मध्ये. लिओनोव यांनी यानाबाहेर पडून इतिहास घडवल्यानंतर व्होस्खोद-२ ची स्वयंचलित यंत्रणा परतीच्या वेळी अडली. बेल्यायेव्ह यांनी हाताने यान वळवले, इंजिन पेटवले आणि दोघे पर्मच्या बर्फाळ अरण्यात उतरले. यंत्रावर विश्वास ठेवावा, पण माणसासाठी एक दार उघडे ठेवावे, ही रचना त्या दिवशी दोन जीव वाचवून गेली.

१९६६ च्या जानेवारीत शस्त्रक्रियेदरम्यान कोरोल्योव यांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी राउशेनबाख विज्ञान अकादमीचे सहयोगी सदस्य झाले. ३० ऑक्टोबर १९६७ रोजी कॉसमॉस-१८६ आणि कॉसमॉस-१८८ या दोन मानवरहित यानांनी कक्षेत एकमेकांना शोधून आपोआप सांधा जोडला. जगातली ही पहिली स्वयंचलित जोडणी. ती यानेही सोयूझच्याच जातीची होती. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये अवकाशात गेले ते याच मालिकेच्या पुढच्या पिढीतील यानातून.

या जोडणीच्या कामातच त्यांच्या आयुष्याला अनपेक्षित वळण मिळाले. सोयूझच्या चालकाला समोर सरळ पाहता येत नसे. त्याला दुसरे यान दिसे ते पेरिस्कोपमधून आणि दूरचित्रवाणीच्या पडद्यावर, म्हणजे सपाट चित्रात. सपाट चित्रावरून खोलीचा अंदाज किती खरा येतो, असा प्रश्न प्राध्यापकांना पडला. उत्तर चित्रकलेच्या पुस्तकांत असेल म्हणून त्यांनी ती वाचायला घेतली. समाधान झाले नाही. मग नेहमीप्रमाणे त्यांनी स्वतःच गणित मांडायला सुरुवात केली.

आपल्याकडे चित्रकलेच्या तासाला यथार्थदर्शन शिकवतात. आगगाडीचे रूळ दूर जाऊन एका बिंदूत मिळतात, तो प्रकार. युरोपातील प्रबोधनकाळापासून हीच अचूक पद्धत मानली गेली. राउशेनबाख यांचे म्हणणे असे की ती कॅमेऱ्यासाठी अचूक आहे, माणसासाठी नाही. डोळ्याच्या पडद्यावर उमटलेली प्रतिमा मेंदू जशीच्या तशी स्वीकारत नाही. जवळच्या वस्तूंचे आकार तो दुरुस्त करून घेतो. हाताच्या अंतरावरचा चौरंग आपल्याला मागे निमुळता होत गेलेला दिसत नाही. त्याच्या कडा समांतर भासतात, क्वचित मागे किंचित रुंदावतातही. जुन्या रशियन धर्मचित्रांत सिंहासने आणि पायपाट मागच्या बाजूला रुंद होत जातात. याला अडाणी चित्रकाराची चूक म्हणत, नाहीतर गूढ अर्थ लावत. धर्मगुरू आणि गणितज्ञ पाव्हेल फ्लोरेन्स्की यांनी या उलट्या यथार्थदर्शनावर १९१९ मध्ये निबंध लिहिला होता. त्यांना १९३७ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या आणि निबंध छापला गेला १९६७ मध्ये. फ्लोरेन्स्कींना त्यात आध्यात्मिक दृष्टी दिसली. राउशेनबाख यांनी दाखवले की त्यात मुळात साधी नैसर्गिक नजर आहे. त्या चित्रकाराने जवळून जसे दिसले तसे रंगवले.

१९७५ मध्ये जुन्या रशियन चित्रांवर, १९८० मध्ये व्यापक चित्रकलेवर आणि १९८६ मध्ये यथार्थदर्शनाच्या पद्धतींवर, असे त्यांचे तीन ग्रंथ आले. प्राचीन इजिप्तची चित्रे त्यांना अभियंत्याच्या आराखड्यांची सख्खी भावंडे वाटली. भारतीय आणि इराणी लघुचित्रांतील समांतर रेषांची रचनाही त्यांनी याच कसोटीवर तपासली आणि ती मुळीच प्राथमिक अवस्थेतली नाही, असा निर्वाळा दिला. सेझानच्या निसर्गचित्रांत माणसाच्या खऱ्या नजरेचे गणित सापडते, हेही त्यांनी मांडले. सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष मात्र थोडा निराश करणारा होता. सपाट पृष्ठभागावर अवकाश बिनचूक उतरवणारी पद्धत असूच शकत नाही. चूक राहतेच. ती चित्रात कुठे ढकलायची, एवढेच चित्रकाराच्या हाती असते. कलाभ्यासकांत यावर वाद झाले. श्रद्धेच्या चित्रांना समीकरणांत बसवू पाहणारा हा अभियंता काहींना रुचला नाही. पण त्याला टाळून पुढे जाणेही कुणाला जमले नाही.

दरम्यान मॉस्को भौतिक-तांत्रिक संस्थेत त्यांचे अध्यापन चालूच होते. तिथल्या सैद्धांतिक यांत्रिकी विभागाचे ते प्रमुख झाले. १९८४ मध्ये अकादमीचे पूर्ण सदस्यत्व मिळाले आणि १९९० मध्ये समाजवादी श्रमवीर हा किताब. एकेकाळी ज्याच्याकडून सक्तीचे श्रम करून घेतले त्यालाच हा किताब द्यावा, यातला विरोधाभास किताब देणाऱ्यांच्या ध्यानी आला होता की नाही, कोण जाणे.

१९८८ मध्ये सोव्हिएत आणि अमेरिकन अभ्यासकांनी मिळून अणुयुद्धाच्या धोक्यावर एक पुस्तक काढले. त्यात राउशेनबाख यांचा लेख संगणकयुद्धावर होता. क्षेपणास्त्रे काही मिनिटांत येऊन पोहोचणार असतील तर निर्णयाला माणसाकडे वेळ उरत नाही आणि तो यंत्राकडे जातो. दोन्ही बाजूंची यंत्रे एकमेकांच्या हालचालींना उत्तर देऊ लागली की कुणाचीही इच्छा नसताना युद्ध पेटू शकते. ज्याने आयुष्यभर यंत्रांना स्वतःहून निर्णय घ्यायला शिकवले, त्यानेच हा इशारा द्यावा, हे लक्षात घेण्याजोगे आहे. अवरक्त संवेदक कसा फसतो, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

अखेरच्या दशकात त्यांनी अग्निबाणशास्त्राचे जर्मनभाषक प्रणेते हर्मान ओबर्थ यांचे चरित्र लिहिले, आपल्या आठवणी लिहिल्या आणि ऑर्थोडॉक्स पंथाचा स्वीकार केला. धर्मचित्रांच्या अभ्यासातून ते धर्मशास्त्रापर्यंत पोहोचले होते. एक असूनही तीन आणि तीन असूनही एक, ही ख्रिस्ती त्रयीची कल्पना तर्काला सोडून आहे, असे मानले जाई. त्यांनी निबंध लिहून दाखवले की गणितात अशी वस्तू आहे आणि शाळकरी मुलेही ती रोज वापरतात. एका सदिशाचे तीन घटक असतात, तिघे मिळून तो एकच सदिश असतो, आणि तरी प्रत्येक घटक वेगळा असतो. यामुळे श्रद्धा सिद्ध होते असा त्यांचा दावा नव्हता. रचना तर्कदुष्ट नाही, इतकेच.

२७ मार्च २००१ रोजी मॉस्कोत, वयाच्या ८६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. नोव्होदेविची दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली. एका लघुग्रहाला आता त्यांचे नाव आहे.